बांधणें आणि बांधणी

इंग्रजी लिहितांना चांगला शिकलेला माणूसही एका ठिकाणीं हमखास अडतो. क्रियापदाला 'इंग' जोडलेलें रूप घ्यावें, कीं त्याच अर्थाचें निराळें नाम? व्याकरणाचें पुस्तक उघडण्यापूर्वीं आपण मायबोलीलाच हा प्रश्न विचारून पाहूं.

उदाहरण अंबरनाथचें घेऊं. वालधुनी नदीच्या कांठचें तेथील शिवालय शिलाहारांच्या काळचें. त्यांतील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. मराठींत आपण 'देऊळ बांधणें' म्हणतों, पण 'देवळाची बांधणी' म्हणतों. पहिल्यांत 'देऊळ' हें सरळ कर्म आहे. दुसऱ्यांत त्यास षष्ठी लागली. शिवाय 'बांधणें' यास 'भराभर' हें क्रियाविशेषण शोभतें, 'बांधणी'स मात्र 'भक्कम' असें विशेषण हवें. इंग्रजीची रीत हुबेहूब हीच! 'बिल्डिंग ए टेंपल' यांत क्रियेचा जीव शाबूत आहे, म्हणून कर्म सरळ येतें. 'दि बिल्डिंग ऑफ ए टेंपल' म्हटलें, कीं तें नाम झालें आणि 'ऑफ'च्या रूपानें षष्ठी आली. या दोहोंची खिचडी करून 'दि बिल्डिंग ए टेंपल' लिहिणें आजच्या इंग्रजी कानाला, 'देवळाची बांधणें' आपल्याला खुपेल तसें खुपतें. त्याच देवळाच्या भिंतींवरील शिल्पांना 'कार्व्हिंग्ज' म्हणतात. तेथें तर क्रिया थिजून वस्तूच झाली, आणि तिला अनेकवचनही लागलें.

जेथें भाषेंत तयार नाम आहे, तेथें 'ऑफ'पूर्वीं तेंच घ्यावें. 'दि प्रिझर्व्हिंग ऑफ दि कार्व्हिंग्ज' यापेक्षां 'दि प्रिझर्व्हेशन' सरस. पण अर्ज लिहितांना जरा जपावें. 'शिल्पांच्या संरक्षणाची व्यवस्था व्हावी' अशा नामांच्या माळेंत करणारा कोण, हें कळेनासें होतें, आणि कचेरीला तें सोयीचेंच पडतें! 'तुम्हीं गटार साफ करणें' यासारखी रचना, म्हणजे इंग्रजींत 'युअर क्लीनिंग दि ड्रेन', कर्त्याला पुढें उभें करते. ज्याला काम करून घ्यावयाचें आहे, त्यानें हींच रूपें जवळ करावीं.

एके ठिकाणीं मात्र मायबोलीची मदत संपते. 'अव्हॉइड'नंतर 'इंग'चें रूप येतें, 'डिसाइड'नंतर 'टु'चें. मराठींत टाळायचें तेंही 'जाणें' आणि ठरवायचें तेंही 'जाणें'च. अशा क्रियापदांची यादी करून ती पाठ करण्यावांचून गत्यंतर नाहीं.