हवेतलं गायरान

शिकागो शहरात एफएमवर ९७.९ या ठिकाणी चार दशकं रॉक संगीत वाजत होतं. 'द लूप' या नावानं ओळखलं जाणारं ते केंद्र कित्येकांच्या तरुणपणाचा भाग होतं. मार्च २०१८ मध्ये ते विकलं गेलं. जाता जाता तिथल्या मंडळींनी शेवटचं गाणं लावलं ते एसी/डीसी या बँडचं 'हायवे टू हेल', म्हणजे सरळ नरकाकडे जाणारा हमरस्ता. गाणं संपलं आणि त्याच जागेवर येशूची स्तुती करणारी आधुनिक, गिटार-ड्रमवरची गाणी सुरू झाली. केंद्रासाठी २ कोटी १५ लाख डॉलर मोजणारा खरेदीदार कुणी उद्योगपती नव्हता. ती नफा न कमावणारी, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारी संस्था होती.

तिचं नाव एज्युकेशनल मीडिया फाउंडेशन आणि तिच्या मुख्य वाहिनीचं नाव के-लव्ह. शिकागोच्या काही महिने आधी तिनं लॉस एंजेलिसमधलं १००.३ हे केंद्र ५ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलरना घेतलं होतं. २०१९ मध्ये न्यूयॉर्कचं प्रसिद्ध डब्ल्यूपीएलजे, वॉशिंग्टनचं एक केंद्र आणि आणखी चार केंद्रं मिळून १० कोटी ३५ लाख डॉलरचा व्यवहार तिनं केला. एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या माथ्यावरून न्यूयॉर्कभर ही भक्तिगीतं ऐकू येऊ लागली. आज तिची मोठी केंद्रं आणि छोटे प्रक्षेपक मिळून आकडा हजाराच्या घरात जातो. एकही जाहिरात न विकता हे जाळं इतकं पसरलं कसं, हा प्रश्न मला विलक्षण वाटतो. त्याचं उत्तर शोधत गेलं की भौतिकशास्त्र, कायदा आणि माणसांची श्रद्धा एकमेकांत गुंतलेली सापडतात.

अमेरिकेत धर्म आणि रेडिओ यांची गाठ फार लवकर पडली. २ जानेवारी १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रानं कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधली रविवारची प्रार्थना प्रसारित केली, तेव्हा नियमित रेडिओ केंद्र ही कल्पनाच काही महिन्यांची होती. १९२६ मध्ये शिकागोच्या मूडी बायबल इन्स्टिट्यूटनं स्वतःचं केंद्र काढलं. पण पुढची पन्नास वर्षं ख्रिस्ती रेडिओ म्हणजे मुख्यतः प्रवचन होतं. अनेक केंद्रं तास-अर्ध्या तासाची वेळ धर्मोपदेशकांना विकत आणि त्यावर आपला खर्च भागवत.

मग साठचं दशक संपता संपता कॅलिफोर्नियात एक वेगळंच वारं आलं. लांब केसांची, अनवाणी फिरणारी हिप्पी मुलं चर्चमध्ये येऊ लागली आणि येताना आपलं संगीत घेऊन आली. कोस्टा मेसा इथल्या कॅल्व्हरी चॅपलमध्ये चक स्मिथ या पाद्र्यानं त्यांना गिटारीसकट आत घेतलं. १९६९ मध्ये लॅरी नॉर्मन या गायकानं 'अपॉन धिस रॉक' हा अल्बम काढला, १९७१ मध्ये 'मारानाथा! म्युझिक' ही कंपनी उभी राहिली. रॉकच्या चालीवर देवाची गाणी असा नवा प्रकार रुजला, पण त्याला रेडिओवर जागा मिळेना. व्यावसायिक केंद्रांना ती फार धार्मिक वाटत आणि प्रवचनं लावणाऱ्या केंद्रांना फार उच्छृंखल.

या अडचणीतून वाट निघाली ती १५ ऑक्टोबर १९८२ रोजी. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सांता रोझा नावाचं शहर आहे. तिथं बॉब अँथनी फोगल या माणसानं ९१.९ वर केसीएलबी नावाचं केंद्र सुरू केलं आणि दिवसभर फक्त ही नवी गाणी लावायची असं ठरवलं. १९८८ मध्ये त्याचं के-लव्ह झालं. आता त्या ९१.९ या आकड्याकडे नीट पाहू या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यातून उगवलेली आहे.

एफएम तंत्राचे जनक एडविन आर्मस्ट्राँग. त्यांना १९३३ मध्ये पेटंट मिळालं. दुसरं महायुद्ध संपत असताना, १९४५ मध्ये, अमेरिकेच्या दळणवळण आयोगानं एफएमला ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा आजचा पट्टा दिला. तो देतानाच आयोगानं एक दूरदृष्टीची गोष्ट केली. ८८ ते ९२ मधले २० चॅनेल बाजूला काढले आणि सांगितलं की इथं नफ्यासाठी कुणी येणार नाही. ही जागा शिक्षणासाठी, लोकांसाठी. आपल्याकडे गावच्या जमिनीत गायरान राखून ठेवतात, तसं हे हवेतलं गायरान होतं. तेव्हा एफएम ऐकणारे फारच थोडे होते आणि त्या जागेला बाजारात किंमत नव्हती. शाळा-विद्यापीठांचे पाठ तिथून ऐकवले जातील, अशी कल्पना होती.

पुढं त्या जागेत काय काय उगवलं! विद्यापीठांची केंद्रं आली, १९७० मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल पब्लिक रेडिओच्या बातम्या आल्या, जॅझ आलं, आणि ख्रिस्ती संगीतही आलं. अमेरिकी राज्यघटना सरकारला कोणत्याही धर्माची बाजू घेऊ देत नाही, पण धार्मिक संस्थेला इतर संस्थांइतक्याच अटींवर अर्ज करता येतो. त्यामुळे अमेरिकेत गाडीतल्या रेडिओच्या डाव्या टोकाला गंभीर बातम्या आणि भक्तिसंगीत आजही एकमेकांच्या शेजारी नांदतात. या राखीव पट्ट्याला आणखी एक सवलत होती. व्यावसायिक कंपनीनं एका शहरात किती केंद्रं ठेवायची यावर मर्यादा आहे, ना-नफा शैक्षणिक केंद्रांना ती लागू नाही.

पण परवानगी मिळाली म्हणून आवाज पोहोचत नाही, कारण एफएमची लहर स्वभावानं सरळमार्गी आहे. तिची लांबी जेमतेम तीन मीटर. मध्यम लहरी रात्री आकाशातल्या विद्युतभारित थरावरून परतून शेकडो किलोमीटर जातात. एफएमची लहर त्या थरातून आरपार अवकाशात निघून जाते. जमिनीवर ती साधारण क्षितिजापर्यंत पोहोचते, डोंगर आडवा आला की मागे सावली पडते. अमेरिकेसारख्या अवाढव्य देशात एका मनोऱ्यावरून फार काही साधत नाही.

त्यावरचा उपाय आकाशात सापडला. गाणं आणि निवेदकाचं बोलणं एका स्टुडिओतून उपग्रहाकडे पाठवायचं. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असलेला तो उपग्रह पृथ्वीच्याच गतीनं फिरतो, म्हणून खालून एकाच जागी उभा दिसतो. तिथून तो आवाज खाली सगळ्या देशावर पसरतो. वर जाऊन खाली यायला त्याला सुमारे पाव सेकंद लागतो. आता एखाद्या लहान गावाबाहेरच्या टेकडीवर एक डिश, एक रिसीव्हर आणि एक ट्रान्समीटर ठेवला की झालं. तिथं स्टुडिओ नको, माणूस नको.

यातला सर्वांत चिमुकला घटक म्हणजे ट्रान्सलेटर. २५० वॅटपेक्षा जास्त ताकद त्याला वापरता येत नाही, म्हणजे घरातल्या मिक्सरपेक्षाही कमी. मुळात तो बनला डोंगराच्या सावलीत सापडलेल्या गावांसाठी. मोठ्या केंद्राचा आवाज हवेतून पकडायचा आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा सोडायचा, एवढंच त्याचं काम. राखीव पट्ट्यात मात्र नियम थोडा सैल आहे. ना-नफा केंद्राचा राखीव पट्ट्यातला ट्रान्सलेटर आपलं गाणं थेट उपग्रहावरून घेऊ शकतो. मूळ केंद्र हजार किलोमीटर दूर असलं तरी चालतं. या एका सवलतीमुळे सांता रोझातलं छोटं केंद्र गावागावांत जाऊ शकलं.

एफएमचा आणखी एक गुण इथं कामी येतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन केंद्रांचे आवाज आले तर रिसीव्हर जास्त जोराचा पकडतो आणि दुसरा जवळजवळ पूर्ण दाबून टाकतो. म्हणून २५० वॅटचा ठिपकाही आपल्या पंचक्रोशीत स्वच्छ ऐकू येतो.

मला यातली सर्वांत मोहक गोष्ट वाटते ती तासाच्या ठोक्याला घडणारी. कायद्यानुसार प्रत्येक पूर्ण केंद्राला दर तासाला आपलं अधिकृत सांकेतिक नाव आणि गावाचं नाव सांगावं लागतं. देशभर एकच निवेदक बोलत असतो, मग हे जमतं कसं? अशा जाळ्यांत उपग्रहावरून एक खूण येते, ती मिळताच जागोजागची यंत्रं साठवून ठेवलेलं आपापल्या गावाचं नाव वाजवतात, आणि सगळी पुन्हा एका आवाजात मिसळतात. एका क्षणासाठी तो आवाज शेकडो ठिकाणी फुटतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता पैशाचं गणित. या केंद्रांना जाहिरात विकायची बंदी आहे. फार तर मदत करणाऱ्याचं नाव साधेपणानं सांगता येतं, त्याच्या मालाची शिफारस करता येत नाही. राहतात श्रोते. दरमहा थोडी रक्कम देणारी असंख्य माणसं मिळून या संस्थेकडे वर्षाला १० कोटी डॉलरपेक्षा जास्त जमा होतात. मालक नाही, भागधारक नाहीत, तेव्हा खर्च भागून उरलेला पैसा पुन्हा नव्या केंद्रांत जातो.

हे गणित कुठं वेगळं ठरलं ते २००८ नंतर दिसलं. जाहिराती इंटरनेटकडे वळल्या आणि कर्ज काढून केंद्रं गोळा केलेल्या कंपन्या कोसळू लागल्या. त्यांपैकी क्युम्युलसनं नोव्हेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आयहार्टनं मार्च २०१८ मध्ये. केंद्रांचे भाव उतरले. क्युम्युलसनंच मग डब्ल्यूपीएलजे आणि इतर पाच केंद्रं विकायला काढली. व्यावसायिक केंद्राचा गिऱ्हाईक जाहिरातदार असतो, त्याला स्वस्त जागा दिसली की तो जातो. इथं गिऱ्हाईक आणि श्रोता एकच आहे, आणि ज्या गाण्यानं आपल्याला कठीण दिवसांत धीर दिला त्याला तो सहजी सोडत नाही. ९२ च्या खाली वाढलेली संस्था अशी ९२ च्या वरच्या महागड्या बाजारात शिरली.

या वाढीची किंमतही कुणीतरी मोजली, आणि ती सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. २००३ मध्ये आयोगानं ट्रान्सलेटरसाठी अर्ज मागवले तेव्हा १३,००० हून जास्त अर्ज आले. त्यांतले पुष्कळ धार्मिक जाळ्यांशी संबंधित होते. त्याच सुमारास मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या संस्थांना १०० वॅटची स्वतःची छोटी केंद्रं हवी होती. हवा तीच, जागा तीच. दूरच्या एका आवाजाचे हजार प्रतिध्वनी हवेत की जागच्या जागी बोलणारे निरनिराळे आवाज, असा तो झगडा होता. जानेवारी २०११ मध्ये लोकल कम्युनिटी रेडिओ कायद्यावर सही झाली आणि छोट्या केंद्रांना थोडी वाट मोकळी झाली. तरी स्थानिक निवेदक जाऊन त्याच्या जागी उपग्रहावरचा आवाज आला, याचं दुःख शिकागोत आणि न्यूयॉर्कमध्ये अनेकांनी बोलून दाखवलं. ते दुःख खरं आहे. आपल्या शहराचा पाऊस, आपल्या रस्त्यावरची कोंडी ठाऊक असलेला माणूस दुसऱ्या राज्यातल्या स्टुडिओत बसत नाही.

भारतानं याच प्रश्नाचं उत्तर उलट्या बाजूनं दिलं. धार्मिक संस्थांना इथं खासगी एफएमचा परवाना मिळत नाही. भक्तिगीतं आपण ऐकतो ती आकाशवाणीच्या सकाळच्या सभेत. पण ना-नफा संस्थांसाठी हवेत जागा आपणही राखली आहे. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळाली. ताकद १०० वॅटपुरती, आणि निदान निम्मे कार्यक्रम त्याच समाजाच्या सहभागातून तयार झालेले हवेत. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून ९०.४ वर बोलते आहे. ती बोलते माणदेशातल्या बायांबद्दल, शेतीबद्दल, दुष्काळाबद्दल, आणि तिथल्याच बोलीत.

के-लव्ह आणि माणदेशी तरंग यांच्यात दिसायला काहीच सारखं नाही. एक आवाज हजार गावांत जातो, दुसरा एकाच परिसरात राहतो. दोन्ही शक्य झाले ते मात्र एकाच कारणानं. पैसेवाल्याच्या हातात पडण्याआधी कुणीतरी हवेचा एक तुकडा राखून ठेवला होता. १९४५ मध्ये अमेरिकेत तो राखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शाळेचे धडे होते. त्यांना रॉकच्या चालीवरची प्रार्थना सुचलीही नसेल, आणि उपग्रह तर तेव्हा कागदावरही जेमतेम होता. राखलेल्या जागेचं मोल हेच असतं. तिथं काय उगवेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून ती राखावी लागते. उद्या नव्या लहरींचे लिलाव होतील, नवे पट्टे खुले होतील. त्या प्रत्येक वेळी विक्रीच्या यादीत नसलेला एक कोपरा ठेवा, असं आग्रहानं म्हणणारी माणसं आपल्याला हवी आहेत.