युद्धाची झळ पती-पत्नींच्या व्हिसालाही

रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर ब्रिटनने मार्चमध्ये युक्रेनियन नागरिकांसाठी दोन विशेष व्हिसा योजना सुरू केल्या. अर्जांचा लोंढा आला. परंतु प्रशिक्षित मनुष्यबळ एका रात्रीत वाढत नाही. त्यामुळे ब्रिटिश गृहखात्याने इतर अर्ज तपासणारे कर्मचारी या कामाकडे वळवले. जादा शुल्क भरून लवकर निर्णय मिळविण्याची सोय नव्या कौटुंबिक अर्जांसाठी स्थगित झाली. मे महिन्यात तर ब्रिटनबाहेरून केलेल्या अशा अर्जांच्या निर्णयाची अपेक्षित मुदत १२ वरून २४ आठवड्यांवर नेण्यात आली.

याची झळ युद्धाशी संबंध नसलेल्या, भारतातील अर्जदारांसह अनेक देशांतील पती-पत्नींना बसली. उत्पन्न, निवास व इंग्रजीच्या ज्ञानाचे पुरावे देऊन, शुल्क भरूनही त्यांच्या वाट्याला प्रतीक्षाच आली. शिवाय ही मुदत म्हणजे हमी नव्हे. ती उलटली तरी व्हिसा आपोआप मिळत नाही.

संकटग्रस्तांना प्राधान्य देण्यात गैर काहीच नाही. प्रश्न राखीव मनुष्यबळाचा आहे. ते नसेल, तर एका कुटुंबाला दिलेल्या आसऱ्याची किंमत दुसऱ्या कुटुंबाला विरहाने मोजावी लागते.