मेटलँड प्लेसवरच्या २,९२१ धावा

कोलंबोच्या सात नंबरच्या भागाला सिनॅमन गार्डन्स म्हणतात. दालचिनीचे मळे केव्हाच गेले. आता तिथे सावलीचे रुंद रस्ते आहेत, वकिलाती आहेत, जुने बंगले आहेत आणि क्रिकेटची मैदानं आहेत. मेटलँड प्लेस या एकाच रस्त्यावर सिंहलीज स्पोर्ट्स क्लब आणि नॉनडिस्क्रिप्ट्स क्रिकेट क्लब शेजारी-शेजारी नांदतात. कोलंबो क्रिकेट क्लबही तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. श्रीलंकेच्या क्रिकेट मंडळाचं मुख्यालयही याच रस्त्यावर आहे.

यातलं सिंहलीज क्लबचं मैदान, ज्याला तिथे सगळे नुसतं ‘एसएससी’ म्हणतात, ते क्रिकेटच्या नोंदवहीत एका कारणासाठी वेगळं आहे. एकाच फलंदाजाने एकाच मैदानावर सर्वाधिक कसोटी धावा काढल्या, त्या इथे. महेला जयवर्धने : २७ कसोटी, २,९२१ धावा, ११ शतकं, सरासरी ७५च्या आसपास. डॉन ब्रॅडमनची मेलबर्नवर नऊ शतकं आहेत. ग्रॅहम गूचच्या लॉर्ड्सवर २,०१५ धावा होत्या, त्या जो रूटने २०२४ साली मागे टाकल्या. जॅक कॅलिसने केपटाउनच्या न्यूलँड्सवर २,१८१ केल्या. ही सगळी थोर माणसं आणि थोर मैदानं. पण जयवर्धनेच्या आकड्याजवळ यांच्यापैकी कुणीच नाही. त्याच्या खालोखाल जो आकडा आहे, तो गॉलच्या मैदानावरचा, २,३८२ धावांचा, आणि तोही जयवर्धनेचाच.

असा विक्रम ऐकला की बहुतेकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘पाटा खेळपट्टी’. घरचं मैदान, पाटा खेळपट्टी, काढल्या धावा, त्यात काय मोठंसं? हा आक्षेप मला कधीच पटला नाही. का पटला नाही, ते मैदानाची हकीकत सांगितल्याशिवाय सांगता येणार नाही.

क्लब १८९९ सालचा. कोलंबोतल्या जुन्या क्लबांची नावं वाचली की मुंबईच्या वाचकाला हिंदू, पारशी आणि इस्लाम जिमखान्यांची आठवण व्हावी. तिथेही सिंहलीज क्लब, तमिळ युनियन, मूर्स, बर्गर रिक्रिएशन अशी जमातवार विभागणी ब्रिटिश काळापासून होती. नावं तशीच राहिली, खेळाडू मात्र कुठल्याही क्लबाकडून खेळू लागले. आजची जागा सिंहलीज क्लबला १९५२ साली भाडेपट्ट्याने मिळाली, सुमारे वीस एकर. दुसऱ्या महायुद्धात या जमिनीच्या काही भागावर मित्रराष्ट्रांची विमानं उतरत असत. इथली पहिली कसोटी मार्च १९८४मध्ये न्यूझीलंडविरुद्ध झाली. श्रीलंकेने आपली पहिली कसोटी खेळून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.

मैदान फार मोठं नाही, दहा-एक हजार माणसं मावतात. क्लबाचं पॅव्हेलियन, माणसांनी हाताने आकडे बदलायचा जुन्या वळणाचा धावफलक, पलीकडे झाडी. सामना रंगात आला की ‘पापरे’ बँड सुरू होतो : ट्रंपेट, ढोल आणि बैलाच्या ठेक्यावरची गाणी. बैला म्हणजे पोर्तुगीजांच्या वाटेने श्रीलंकेत रुजलेला गाण्याचा प्रकार. फलंदाज शतकाजवळ आला की बँडचा वेग वाढतो.

आता खेळपट्टी. ती फलंदाजाला साथ देते, यात वाद नाही. जुलै २०१०मध्ये भारताविरुद्धच्या कसोटीत श्रीलंकेने ४ बाद ६४२वर डाव सोडला. संगकाराच्या २१९, जयवर्धनेच्या १७४. भारताने उत्तर दिलं ७०७ धावांचं. सचिनने २०३ काढल्या, पहिलीच कसोटी खेळणाऱ्या सुरेश रैनाने १२०, आणि सेहवाग ९९वर गेला. पाच दिवसांत मिळून सतरा गडी पडले. असा सामना क्रिकेटच्या भल्याचा नाही, हे कबूलच.

पण त्याच मैदानाचा दुसरा आकडा पाहा. एकाच मैदानावर सर्वाधिक कसोटी बळी घेण्याचा विक्रमही एसएससीवरच आहे : मुथय्या मुरलीधरन, १६६ बळी. क्लबाच्या हिशेबाने मुरली तमिळ युनियनचा, आणि बळींची ही रास त्याने सिंहलीज क्लबच्या मैदानावर रचली. ज्या खेळपट्टीवर गोलंदाजाला काहीच मिळत नाही, तिथे एक माणूस १६६ बळी घेईल का? ही खेळपट्टी पहिल्या तासात वेगवान गोलंदाजाला थोडं देते, मग दोन दिवस फलंदाजाला देते आणि शेवटी फिरकीला देते. मधले दोन दिवस कसे वापरायचे, हे ज्याला कळलं त्याने धावा केल्या.

परक्यांनीही इथे ते करून दाखवलं आहे. २००१च्या अखेरीस ब्रायन लाराने एका कसोटीत २२१ आणि १३० केल्या, म्हणजे ३५१ धावा एकट्याच्या. तरी वेस्ट इंडीज दहा गड्यांनी हरले, कारण त्याच खेळपट्टीवर चमिंडा वासने सामन्यात चौदा गडी उचलले. वास वेगवान गोलंदाज, हे विसरू नये. १९९२ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध श्रीलंकेने पहिल्या डावात ५४७ केल्या, पदार्पणात कालुवितरणाने नाबाद १३२ ठोकल्या, आणि शेवटी जिंकायला १८१ हव्या असताना संघ १६४वर आटोपला. शेवटचे आठ गडी ३७ धावांत. तोवर फारसा कुणाला माहीत नसलेल्या शेन वॉर्नने शेवटचे तीन गडी एकही धाव न देता टिपले. पाटा खेळपट्टीवर असं होत नाही.

अरविंद डिसिल्व्हाचं १९९७ साल तर या मैदानाने विसरूच नये. एप्रिलमध्ये पाकिस्तानविरुद्ध इथे दोन्ही डावांत नाबाद शतकं, १३८ आणि १०३. एका कसोटीत दोन नाबाद शतकं तोवर कुणी केली नव्हती. ऑगस्टमध्ये भारताविरुद्ध याच मैदानावर पुन्हा दोन, १४६ आणि १२०. अरविंद शेजारच्या नॉनडिस्क्रिप्ट्सचा. एका भिंतीपलीकडच्या मैदानावरचा माणूस इकडे येऊन चार महिन्यांत चार शतकं करून गेला, आणि जयवर्धनेच्या पुढ्यात तो कित्ता ठेवून गेला.

जयवर्धने स्वतः कोलंबोच्या नालंदा कॉलेजचा, आणि क्लब म्हणून सिंहलीजचाच. म्हणजे इतरांचं घरचं मैदान देशाच्या हिशेबाने असतं, याचं अक्षरशः रोजच्या उठण्याबसण्याचं होतं. त्याची फलंदाजी पाहिली की हे जाणवायचं. फिरकी गोलंदाजाचा ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू जवळजवळ यष्टीरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये गेला असं वाटावं, आणि मग बॅट अलगद खाली यावी, चेंडूला नुसता स्पर्श व्हावा, तो स्लिपच्या बगलेतून थर्ड मॅनच्या दिशेने पळत सुटावा. हा लेट कट खेळायला डोळा लागतो, मनगट लागतं, आणि चेंडू किती उसळणार याची खात्री लागते. ती खात्री पाहुण्याला एका आठवड्यात येत नाही. त्यासाठी त्या मातीवर पोरवयापासून खेळलेलं असावं लागतं.

१९९९च्या फेब्रुवारीत आशियाई कसोटी स्पर्धेत त्याने इथे भारताविरुद्ध २४२ केल्या, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. सप्टेंबर २००१मध्ये बांगलादेशाविरुद्ध तो १५० धावांवर खेळत असताना आपणहून तंबूत परतला, दुसऱ्यांना फलंदाजी मिळावी म्हणून. त्याआधी मार्वन अटापट्टूही २०१वर तसाच परतला होता. कसोटीत ‘निवृत्त, बाद’ अशी नोंद या दोघांच्या नावापुढे पहिल्यांदा पडली. प्रतिस्पर्ध्याचा मान त्यात राखला गेला नाही, असं माझं मत आहे. आणि मैदानानेच जणू त्याची भरपाई केली : त्याच कसोटीत मोहम्मद अशरफुल नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने पदार्पणात ११४ धावा करून सर्वांत लहान वयाचा कसोटी शतकवीर होण्याचा मान मिळवला.

मग जुलै २००६. दक्षिण आफ्रिका पहिल्याच दिवशी १६९वर आटोपली. डेल स्टेनने श्रीलंकेचे दोन्ही सलामीवीर झटपट उडवले. २ बाद १४. कर्णधार जयवर्धने मैदानात उतरला तेव्हा समोर होता कुमार संगकारा, कँडीच्या ट्रिनिटी कॉलेजचा आणि क्लबाने नॉनडिस्क्रिप्ट्सचा. पुढचा गडी पडला तेव्हा फलकावर ६३८ धावा होत्या आणि तिसरा दिवस उजाडलेला होता. मधला दुसरा दिवस आफ्रिकेच्या गोलंदाजांनी पूर्ण टाकला आणि एकही बळी मिळाला नाही. निकी बोयेने या डावात २२१ धावा देऊन एकही गडी बाद केला नाही. स्टेन, एनटिनी, नेल अशा गोलंदाजांपुढे ६२४ धावांची भागी झाली होती.

या ६२४मध्ये आपलंही एक पान आहे. त्याआधी प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधली कुठल्याही गड्यासाठीची सर्वांत मोठी भागी ५७७ धावांची होती. मार्च १९४७मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून होळकर संघाविरुद्ध ती केली विजय हजारे आणि गुल महंमद यांनी. हजारे सांगलीचे, गुल महंमद लाहोरचे. पाच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. पुढे गुल महंमद पाकिस्तानकडूनही एक कसोटी खेळले. हजारेंच्या त्या डावात २८८ होत्या. संगकारा बाद झाला २८७वर. ५९ वर्षं टिकलेली ही भागी मोडलेली पाहायला हजारे नव्हते. डिसेंबर २००४मध्ये बडोद्यात त्यांचं निधन झालं होतं.

कसोटीतला आधीचा विक्रम, ५७६ धावांचा, याच शहरात प्रेमदासा मैदानावर झाला होता, ऑगस्ट १९९७मध्ये, जयसूर्या आणि महानामा यांचा, भारताविरुद्ध. डोंबिवलीच्या नीलेश कुलकर्णीला कसोटीतल्या पहिल्याच चेंडूवर बळी मिळाला तो हाच सामना. त्यानंतर ही भागी सुरू झाली आणि नीलेशला ७० षटकं टाकूनही दुसरा गडी मिळाला नाही. त्या सामन्यात श्रीलंकेच्या ९५२ धावा झाल्या. संघात एक नवा मुलगा होता, त्याने पदार्पणात ६६ केल्या. त्याचं नाव महेला जयवर्धने.

संगकारा गेल्यावर सगळ्यांचे डोळे लाराच्या नाबाद ४००वर लागले होते. ३७४वर आंद्रे नेलचा एक चेंडू खाली राहिला आणि यष्ट्या उडाल्या. ५७२ चेंडू, ४३ चौकार, एक षटकार. कसोटीत उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाची ही आजही सर्वोच्च धावसंख्या आहे. श्रीलंकेने ५ बाद ७५६वर डाव सोडला आणि सामना डावाने जिंकला. मुरलीने दहा गडी घेतले. पाटा खेळपट्टी म्हणणाऱ्यांनी तो सामनाही निकाली झाला होता हे ध्यानात घ्यावं.

घरच्या वाघाचा आक्षेप मात्र पुरता झटकून टाकता येत नाही. जयवर्धनेच्या ११,८१४ कसोटी धावांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा या एका मैदानावरचा आहे, ३४ शतकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश. त्याने लॉर्ड्सवर दोन शतकं केली, अहमदाबादला २७५ केल्या, तरी एसएससीवरचा महेला आणि बाहेरचा महेला यांत अंतर राहिलंच. पण संगकाराच्याही इथे २,३०० च्या वर धावा आहेत. तोही थोर, तोही त्याच काळातला, त्याच खेळपट्टीवरचा, आणि तरी सहाशे धावांनी मागे. नुसत्या खेळपट्टीने हा फरक पडत नाही.

भारताशी या मैदानाचं नातं निराळंच. श्रीलंकेत भारताने पहिली कसोटी जिंकली ती इथे, १९९३ साली. विनोद कांबळीचं १२५ पहिल्या डावात, सचिनचं नाबाद १०४ दुसऱ्या डावात. २०१७मध्ये पुजाराच्या १३३ आणि अजिंक्य रहाणेच्या १३२ धावांवर भारताने इथे ६२२ केल्या आणि डावाने जिंकलं.

जयवर्धनेचा शेवटचा कसोटी सामनाही अर्थात इथेच झाला, ऑगस्ट २०१४मध्ये, पाकिस्तानविरुद्ध. पहिल्या डावात चार, दुसऱ्या डावात ५४, पुन्हा एकदा संगकाराबरोबर. रंगना हेराथने चौदा गडी घेऊन सामना जिंकून दिला आणि सहकाऱ्यांनी महेलाला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली.

हा विक्रम मोडणं अवघड आहे, आणि त्याचं मोठं कारण फलंदाजीत नाही, वेळापत्रकात आहे. श्रीलंकेच्या घरच्या कसोट्या आता बहुतांशी गॉलला होतात, मालिका दोन कसोट्यांच्या, आणि एसएससीच्या वाट्याला कधी वर्षाकाठी एखादी येते, कधी तीही नाही. जून २०२५मध्ये बांगलादेशाविरुद्ध इथे पथुम निसंकाने १५८ केल्या आणि श्रीलंका डावाने जिंकली. त्याची ती खेळी पाहून कुणालाही वाटेल की या पोराला इथे आणखी वीस कसोट्या मिळाव्यात.