घाटातला वेग ट्रॅकवर आणा!

रविवारी सकाळी पिरंगुट सोडलं, मुठा गाव मागे टाकलं, की टेमघर-लवासाचा घाट. वळणं दिसली की ॲक्सिलरेटर आपसूक पिळला जातो, नाही का? पण समोरून दूधवाला येतोय, त्याचं काय?

या हौसेची खरी जागा म्हणजे गो-कार्टिंग. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर तर राष्ट्रीय रोटॅक्स स्पर्धेच्या फेऱ्याही झाल्यात. पण तिथे उतरायचं तर कार्ट, टायर, मेकॅनिक यांचा खर्च आला. भाड्याच्या कार्टवर दहा मिनिटं फिरणाऱ्याला मधली पायरी हवी.

ती पायरी जुन्नर-खेडच्या बैलगाडा शर्यतीत सापडते. तिथल्या धावपट्टीलाही घाटच म्हणतात! डिसेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने सशर्त परवानगी दिल्यावर हे घाट पुन्हा गजबजले. गाडा पळतो घड्याळाशी. ठरावीक सेकंदांत आलेले सगळे एका नंबरात, बक्षीस वाटून. म्हणजे तिसऱ्या नंबरातलाही गुलाल उधळतो. शिवाय माइकवर मालकाच्या नावाचा गजर!

कार्टिंगवाल्यांनो, हेच करा ना. भाड्याच्या कार्ट चिठ्ठ्या टाकून वाटा, लॅपटाइमप्रमाणे गट पाडा, कॉमेंट्री झक्कास मराठीत होऊ द्या. मग सोमवारी ऑफिसात मिरवायला लॅपटाइम असेल, प्लास्टर नाही.