घातीय वंटन

एखादी घटना घडेपर्यंत लोटणाऱ्या काळाचे गणिती वर्णन करण्यासाठी वापरले जाणारे एक संतत संभाव्यता वंटन. प्रतीक्षाकाल क्ष हा यदृच्छ चल असून तो य या काळापेक्षा अधिक असण्याची संभाव्यता ग(य) मानली, तर घातीय वंटनात ग(य) = ई^(-ल य) असते. येथे ई (२.७१८२८...) हा नैसर्गिक लॉगरिथमाचा आधारांक असून ल हा धन स्थिरांक आहे. या वंटनाचे माध्य १/ल असून मानक विचलनही तेवढेच असते. प्रतीक्षाकाल माध्यापेक्षा अधिक असण्याची संभाव्यता सु. ०.३६८ आहे, म्हणजे शंभरातील सु. ६३ घटना सरासरी काळ पुरा होण्यापूर्वीच घडून जातात.

या वंटनाचे महत्त्व त्याच्या सूत्रापेक्षा एका गुणधर्मात अधिक आहे. स इतका काळ घटना घडली नाही हे ठाऊक असताना, ती आणखी य काळ न घडण्याची सशर्त संभाव्यता ग(स + य) / ग(स) असते आणि ती येथे बरोबर ग(य) येते. गेलेल्या काळाचा पुढील काळावर कोणताच परिणाम होत नाही. या गुणधर्माला विस्मरणशीलता म्हणतात. रेडॉन-२२२ चा अर्धायुकाल सु. ३.८ दिवस आहे; त्याचे आताच निर्माण झालेले अणुकेंद्र आणि महिनाभर टिकून राहिलेले अणुकेंद्र यांचा उद्या क्षय होण्याची संभाव्यता सारखीच असते. अणुकेंद्र म्हातारे होत नाही.

विस्मरणशीलता घातीय वंटनात आहे एवढेच नव्हे, तर संतत वंटनांपैकी ती केवळ त्याच्यातच आहे. अशा प्रकारे ज्या गुणधर्मावरून वंटन एकमेव ठरते, त्यास त्या वंटनाचे अभिलक्षण म्हणतात. याची सिद्धता छोटी आहे. विस्मरणशीलतेमुळे ग(स + य) = ग(स) × ग(य) हे समीकरण मिळते. त्यावरून ग(२) हा ग(१) चा वर्ग, ग(१/२) हे त्याचे वर्गमूळ आणि सर्वसाधारणपणे ग(म/न) हा ग(१) चा म/न वा घात ठरतो. अपरिमेय काळासाठी ग हे फलन कोठेही वाढत नाही ही गोष्ट उपयोगी पडते. दोन्ही बाजूंच्या परिमेय संख्यांमध्ये त्याचे मूल्य कोंडले जाते. ग(१) शून्य असेल, तर घटना आरंभीच घडते. एक असेल, तर ती कधीच घडत नाही. हे दोन प्रकार वगळले की, ई^(-ल य) याखेरीज दुसरे रूप उरत नाही. या जातीच्या समीकरणांचा अभ्यास फ्रेंच गणितज्ञ ओ. एल. कोशी यांनी १८२१ मध्येच केला होता. काळ पूर्णांकांत मोजला, तर हाच गुणधर्म गुणोत्तरीय वंटनाकडे नेतो. फाशावर षटक पडण्याची वाट पाहणाऱ्या खेळाडूला आधीच्या वीस अपयशांचा काहीही लाभ नसतो, मग त्याची समजूत काहीही असो.

इतरही अभिलक्षणे ज्ञात आहेत. उरलेल्या आयुष्याचे माध्य कोणत्याही वयात सारखेच राहत असेल, तर वंटन घातीयच असते. परस्परस्वतंत्र व समान वंटनाच्या न चलांपैकी सर्वांत लहान चलाला न ने गुणले असता प्रत्येक न साठी मूळचेच वंटन मिळत असेल, तरीही तोच निष्कर्ष निघतो. घनता फलन असणाऱ्या वंटनांत, दोन चलांतील फरकाच्या केवल मूल्याचे वंटन मूळ वंटनासारखेच असणे हेही घातीय वंटनाचे अभिलक्षण आहे (पुरी व रूबिन, १९७०). मराठी संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९३७ मध्ये या वंटनाचा एक उपयुक्त गुणधर्म मांडला. न वस्तू एकाच वेळी चाचणीस लावल्या आणि लागोपाठच्या बिघाडांमधील अंतरांना त्या त्या वेळी शाबूत असलेल्या वस्तूंच्या संख्येने गुणले, तर येणाऱ्या राशी परस्परस्वतंत्र असून सर्वांचे वंटन मूळचेच घातीय असते.

आयुर्मान चाचण्यांचा खर्च या गुणधर्मामुळे बराच कमी होतो. सर्व वस्तू निकामी होईपर्यंत थांबण्याचे कारण उरत नाही. काही ठराविक बिघाड झाल्यावर चाचणी थांबवून, सर्व वस्तूंनी मिळून काम केलेल्या एकूण काळास बिघाडांच्या संख्येने भागले की, माध्याचे आकलन मिळते. बी. एप्स्टाइन व एम. सोबेल यांनी १९५३ मध्ये ही पद्धत विकसित केली. मात्र तिची सर्व भिस्त विस्मरणशीलतेवर आहे. ती खरी असेल, तर चालू स्थितीतील जुना भाग नव्याइतकाच चांगला ठरतो आणि बिघडण्यापूर्वीच तो बदलणे हा निव्वळ अपव्यय होतो. झिजणाऱ्या वस्तूंना हा तर्क लावणे धोक्याचे आहे. धारवा (बेअरिंग), टायर किंवा तंतूचे विजेचे दिवे यांचा बिघडण्याचा दर वयाबरोबर वाढतो. प्रौढ माणसाच्या मृत्युदराबाबत ही वाढ बी. गाँपर्ट्‌झ यांनी १८२५ मध्येच दाखविली होती. अशा वस्तूंसाठी वाइबुल वंटन अधिक योग्य असते. त्यातील आकार प्राचल १ असेल, तेव्हाच ते घातीय वंटनाशी जुळते.

प्रतीक्षेच्या प्रश्नांत एक विसंगत वाटणारा परिणाम आढळतो. बसगाड्या बरोबर दहा-दहा मिनिटांनी येत असतील, तर अवचित थांब्यावर आलेल्या प्रवाशास सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते; पण गाड्यांमधील अंतर घातीय असून त्याचे माध्य दहा मिनिटे असेल, तर सरासरी पूर्ण दहा मिनिटे थांबावे लागते. कारण प्रवासी आखूड अंतरापेक्षा लांब अंतरात सापडण्याचा संभव जास्त असतो. प्रवाशाच्या प्रतीक्षाकालाचे वंटन गाड्यांमधील अंतराच्या वंटनासारखेच असणे हेसुद्धा घातीय वंटनाचे अभिलक्षण होय. कोपनहेगन येथील ए. के. अर्लांग यांनी दूरध्वनींच्या मागणीविषयी १९०९ मध्ये केलेल्या अभ्यासापासून रांगांच्या सिद्धांतात हे वंटन मूलभूत मानले जाते. मागण्या प्वासाँ प्रक्रियेनुसार येत असल्या की, लागोपाठच्या दोन मागण्यांमधील काळ घातीय असतो.