नौकेच्या शिडाला पोलादी तारेऐवजी कृत्रिम दोर : बळ पुरेसे, कसोटी लांबण्याची

कोलकाता : दोरांशी कोलकात्याचे नाते जुने आहे. शहराजवळील रिश्रा येथे १८५५ मध्ये देशातील पहिली तागाची गिरणी सुरू झाली, तर पोलादी तारदोर बनवणाऱ्या ‘उषा मार्टिन’ कंपनीचे मुख्यालय आजही या शहरात आहे. शिडाच्या नौकांवर मात्र या तारेची जागा आता काही प्रमाणात कृत्रिम दोर घेऊ लागला आहे.

डोलकाठीला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी बांधणारे ताणदोर तिला उभी ठेवतात. एक ताणदोर तुटला तरी डोलकाठी कोसळू शकते. त्यासाठी वापरला जाणारा नवा दोर पिशव्यांच्याच पॉलिथिलीनचा असतो. परंतु त्याचे अतिलांब रेणू एका दिशेत ओढून तंतू तयार केलेले असतात. ‘डायनीमा’ हे त्याचे परिचित नाव. समान जाडीच्या पोलादी तारेहून हा दोर बळकट असतो, पाण्यावर तरंगतो आणि गंजत नाही. उंचावरील वजन घटल्याने नौका वाऱ्यात कमी कलते.

पोलादाचा धोका छुपा असतो. तारेच्या टोकावर दाबून बसवलेल्या जोडाच्या आत खारे पाणी साचते आणि गंज बाहेरून दिसत नाही. कृत्रिम दोराची झीज बहुधा पृष्ठभागावरच दिसते. शिवाय खलाशी स्वतःच त्याचा फास गुंफू शकतो.

तथापि, केवळ तुटण्याचे बळ पाहून दोर निवडणे चुकीचे ठरते. सततच्या ताणाखाली हा दोर हळूहळू कायमचा लांबतो आणि उष्णतेत हा वेग वाढतो. म्हणून बळाच्या हिशेबाने लागेल त्याहून जाड दोर घ्यावा लागतो. तापमान वाढले की ॲल्युमिनियमची डोलकाठी प्रसरण पावते, तर हा तंतू किंचित आखडतो. त्यामुळे दुपारी ताण वाढतो आणि थंडीत दोर सैल पडतो. ऊन आणि घर्षण हेही त्याचे शत्रू आहेत. सुमारे १५० अंश सेल्सिअसला तो वितळतो. त्यामुळे बंगालच्या उपसागरासारख्या उष्ण सागरात वारंवार तपासणी अपरिहार्य ठरते.

संकटकाळी आणखी एक फरक जाणवतो. गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ नौकेतून जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरलेले नौदल अधिकारी अभिलाष टॉमी सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात सापडले. नौका उलटली, डोलकाठी मोडली आणि पाठीला गंभीर दुखापत झालेल्या टॉमी यांची तीन दिवसांनी सुटका झाली. तुटलेली डोलकाठी ताणदोरांना लटकत राहिल्यास लाटांबरोबर आपटून नौकेला भोक पाडू शकते. पोलादी तार तोडण्यास भक्कम कातर आणि अंगात जोर लागतो. ताणलेला कृत्रिम दोर धारदार सुरीनेही कापता येतो.

तरीही ही अदलाबदल सरसकट करता येत नाही. तारेसाठी घडवलेल्या कडा व कप्प्यांच्या धारदार कडांवर दोर कापला जातो. म्हणून दोराबरोबर हे जोडही बदलणे आवश्यक असते.