खिशातला तुकडा आणि दुसऱ्याचं कुत्रं

जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३७८ म्हणजे चोरीची व्याख्या, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या व्याख्येखाली बारीक टाइपात छापलेली उदाहरणं मात्र परीक्षा संपली की वकीलही विसरतात. मी वकील नाही, पण जुने कायदे चाळण्याचा नाद आहे आणि त्या उदाहरणांतल्या दुसऱ्यावर माझा फार दिवसांपासून जीव आहे. त्यातला ‘क’ हा इसम खिशात कुत्र्याला भुलवणारा खाऊ ठेवतो. ‘य’चं कुत्रं वासावर त्याच्या मागं लागतं. मालकाला न विचारता, लबाडीनं ते न्यायचं ‘क’च्या मनात असेल, तर कुत्रं मागं चालू लागताक्षणी चोरी झाली. घरी नेऊन बांधलं तेव्हा नाही, विकलं तेव्हाही नाही. दोर नाही, हातही लावलेला नाही, कुत्रं स्वतःच्या चार पायांनी चाललंय, तरी चोरी.

मेकॉलेच्या विधी आयोगानं या संहितेचा मसुदा १८३७ मध्ये तयार केला. कायदा झाला १८६० मध्ये आणि अंमल सुरू झाला १ जानेवारी १८६२ पासून. पुढं कोर्टात कोण काय म्हणेल, हे लिहिणाऱ्यांनी ओळखलं असावं. ‘साहेब, ते आपणहून आलं’ हा बचाव त्यांनी उदाहरणातच मारून टाकला. वर एक स्पष्टीकरणही जोडलं, की जनावराला कोणत्याही उपायानं चालायला लावणं म्हणजे ते हलवणंच.

आता जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही आखाड्यावर जा. अंबडकडे मोसंबीच्या बागेत जा, नाहीतर भोकरदनकडे मक्याच्या रानात. एखादं धिप्पाड, कान कापलेलं कुत्रं बाजेखाली पसरलेलं असतं. ‘कुठलं आणलं?’ असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘आणलं कुठलं, आपणहून आलं.’ कधी दिवाळीच्या फटाक्यांना भिऊन आलेलं, कधी मेंढरांच्या वाड्यामागून रेंगाळलेलं. गळ्यात झिजलेला पट्टा असतो, म्हणजे ते कुणाचं तरी होतं हे उघड दिसतं. तरी त्या कुणाचा शोध घेतल्याचं ऐकू येत नाही. उलट ‘पायगुणाचं निघालं, ते आल्यापासून मोटार चोरीला गेली नाही’ असं कौतुक होतं. पट्टा बदलतो. मोत्याचा टायगर होतो. दोन दिवस भाकरी खाल्ली की मालकी पक्की.

याला चोरी म्हणा, असं मी तिथं म्हणत नाही, म्हटलं तर चहा मिळायचा नाही. माणसं वाईट नाहीत. अडचण अशी की आपल्याकडं घरचं कुत्रंसुद्धा मोकळंच असतं. सकाळी एका दारची भाकरी, दुपारी पारावर झोप, रात्री दुसऱ्याच आखाड्यावर भुंकायला हजर. घरचं, गावचं आणि बेवारशी या तिघांत दिसायला काहीच फरक नाही. त्यामुळं रस्त्यावर दिसलेलं कुत्रं कुणाचंच नाही, असं धरून चालणं सोपं जातं.

कायदा तसं धरत नाही. त्याच कलमाच्या आणखी एका उदाहरणात हमरस्त्यावर पडलेली अंगठी आहे. ती कुणाच्याच ताब्यात नाही, म्हणून उचलणारा चोर ठरत नाही, पण अपहाराचा गुन्हेगार ठरू शकतो. सांभाळण्यासाठी किंवा मालकाला परत देण्यासाठी वस्तू उचलली तर गुन्हा नाही. मालक ठाऊक असताना किंवा सहज कळण्यासारखा असताना ती खिशात घातली, तर गुन्हा. मालक ठाऊक नसेल तर शोधायची खटपट करायची, वाजवी काळ वाट पाहायची. त्याआधी ती आपली करून घेतली तरी गुन्हाच. जुन्या संहितेत हे कलम ४०३ होतं. नव्या न्याय संहितेत ते ३१४ झालं आणि शिक्षेला सहा महिन्यांची किमान मर्यादाही आली. गळ्यात पट्टा असलेल्या कुत्र्याचा मालक सहज कळण्यासारखा असतो की नाही, हे वाचकांनीच ठरवावं.

१८७२ चा करार कायदा याहून व्यवहारी आहे. वस्तू सापडलेल्या माणसावर तो, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतलेल्या माणसाइतकी जबाबदारी टाकतो. बदल्यात काही हक्कही देतो. सांभाळण्याचा आणि मालक शोधण्याचा खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. त्या खर्चासाठी दावा लावता येत नाही, पण मालकानं ठराविक बक्षीस जाहीर केलं असेल तर त्यासाठी लावता येतो. म्हणजे टायगरच्या भाकरीचा हिशेब मागायची सोय दीडशे वर्षांपासून आहे. मालक होण्याची नाही.

जालन्याच्या बाबतीत एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. हा मुलूख निजामाचा. १८६२ मध्ये मुंबई-पुण्याला लागू झालेली संहिता इथं नव्हती, हैदराबाद संस्थानचे कायदे वेगळे. संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात आलं आणि भारतीय दंड संहिता इथं पोचली १९५१ मध्ये. खिशातल्या खाऊचं उदाहरण आमच्याकडं जवळपास नव्वद वर्षं उशिरा आलं.

त्याआधी दख्खनच्या गावांत चोरीचा तपास होत नव्हता असं नाही. एल्फिन्स्टननं पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल १८१९ मध्ये लिहिला. त्यात गावच्या जागल्याचं काम सांगितलंय. चोराचा माग काढत तो आपल्या शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. माग ज्याच्या हद्दीत हरवेल, त्याच्यावर भरपाईचा बोजा. बैल गेला की गाव माग काढायला निघे. कुत्र्यासाठी गाव निघालं, असं कुठं वाचायला मिळत नाही. बैलाला किंमत होती, कुत्र्याला नव्हती. सगळ्या भानगडीचं मूळ हेच आहे.

इंग्लंडात तरी काय वेगळं होतं? तिथल्या जुन्या रूढ कायद्यात कुत्रं हे चोरी होण्याच्या लायकीची मालमत्ताच नव्हतं. १७७० मध्ये पहिला खास कायदा झाला, पण लंडनमध्ये कुत्री पळवून खंडणी उकळणाऱ्या टोळ्या त्यानंतरच भरभराटीला आल्या. कवयित्री एलिझाबेथ बॅरेटचा फ्लश हा स्पॅनिएल तीन वेळा पळवला गेला. तिसऱ्यांदा, सप्टेंबर १८४६ मध्ये, म्हणजे रॉबर्ट ब्राउनिंगशी गुपचूप लग्न करण्याच्या तोंडावर. ब्राउनिंग तत्त्वाचा माणूस. खंडणी देणं म्हणजे बदमाशांना शरण जाणं, असं त्यानं तिला लिहून कळवलं. वडील आणि भाऊही विरोधात. एरवी आजारपणामुळं खोलीतून क्वचितच बाहेर पडणारी ही बाई गाडी करून थेट चोरांच्या वस्तीत गेली. शेवटी सहा गिनी मोजून फ्लश परत आला. या भांडणात मी बाईच्या बाजूचा आहे. तत्त्व सांगणाऱ्याचं कुत्रं गेलेलं नसतं.

पार्लमेंटनं या धंद्याच्या चौकशीला १८४४ मध्ये समिती नेमली आणि १८४५ मध्ये नवा कायदा केला. मेकॉलेचा मसुदा त्याआधीचा. त्यानं वेगळ्या कायद्याची वाट न पाहता कुत्र्याला सरळ जंगम मालमत्तेत बसवलं. या एका बाबतीत हिंदुस्थानचा कायदा विलायतेच्या पुढं होता.

पण कुत्रं पळवणारा चोर नसून सरकारच असेल तर? या प्रश्नावर मुंबईत दंगल झाली आहे आणि शाळेच्या पुस्तकांत ती नाही, याचं मला वाईट वाटतं. मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा नियम १८१३ पासून होता, पण वर्षातल्या ठराविक दिवसांपुरता. १८३२ मध्ये उन्हाळ्याची मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागं आठ आणे बक्षीस. आठ आणे म्हटल्यावर काय होणार? मोकाट कुत्रं धरायला पळावं लागतं, अंगणातलं जागेवर सापडतं. शिपाई घरादारातली कुत्रीही उचलतात, अशी ओरड सुरू झाली. पारशांमध्ये प्रेतावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्या विधीला सगदीद म्हणतात. त्यांच्या वेन्दिदाद या ग्रंथात कुत्र्याला इजा करणाऱ्याच्या शिक्षा तपशिलानं दिल्या आहेत. त्यात ६ जून हा त्यांचा पवित्र दिवस होता. त्याच दिवशी कोटात दोन गोऱ्या शिपायांना जमावानं गाठून चोपलं.

दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन, इस्माइली व्यापारीही उतरले. कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसद अडली. मग दंगलीचा कायदा वाचून दाखवला गेला, लष्कर आलं, धरपकड झाली. पुढं समेट घडवण्यात जमशेटजी जीजीभॉय होते आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर सोडण्याची तोड निघाली. इतिहासकार जेसी पालसेतिया यांनी या प्रकरणावर सविस्तर लिहिलंय. धर्मभावना, शेटजींचं सरकारदरबारचं वजन, हे सगळं त्यात आहे. मला त्यातला आठ आण्यांचा भाग जास्त बोलका वाटतो. सरकारनं कुत्र्याला भाव लावला आणि मोकाट नि पाळीव हा फरक एका रात्रीत पुसला गेला.

आपल्याकडं कुत्र्यांची पळवापळवी जगभर गाजली ती माणसांमुळं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात लवूळ गावी वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, धाब्यांवर नेऊ लागली. आमच्या घनसावंगीहून गोदावरी ओलांडली की तो भाग. पिल्लं वर उपाशी मरत, नाहीतर खाली पडत. ‘सूड’, ‘टोळीयुद्ध’, ‘अडीचशे पिल्लं’ असे मथळे परदेशातही झळकले. आकडा फुगवलेला होता आणि सूडाची गोष्ट जाणकारांना पटली नाही. वानरं पिल्लांच्या अंगावरच्या उवा-पिसवा वेचायला त्यांना जवळ घेतात आणि मग वरच सोडून देतात, असं अभ्यासकांचं म्हणणं. नागपूरहून वन विभागाचं पथक आलं, दोन वानरं पिंजऱ्यात गेली. अप्रामाणिक हेतू सिद्ध होत नसल्यानं कलम ३७८ त्यांना लागलं नसतं.

ओळख पटवणं हा खरा घोळ. मध्य प्रदेशात होशंगाबादला २०२० मध्ये एका लॅब्रेडॉरवर दोघांनी हक्क सांगितला. एक त्याला कोको म्हणे, दुसरा टायगर. पोलिसांनी कुत्र्याचं रक्त घेऊन डीएनए चाचणीला पाठवलं. पचमढीतल्या ज्या कुत्र्याचं ते पिल्लू असल्याचं एकजण सांगत होता, त्याच्याशी नमुना जुळला आणि मार्च २०२१ मध्ये त्याला कुत्रं मिळालं. लॅब्रेडॉर होतं म्हणून हे जमलं. गावरान कुत्र्याचा बाप शोधायला अख्ख्या तालुक्याचं रक्त काढावं लागेल.

आता मुद्द्याचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. खिशातल्या खाऊचं उदाहरण कलम ३०३ खाली तसंच आहे. आजूबाजूला मात्र दोन बदल झाले आणि ते शेजारी ठेवून कुणी वाचलेत असं दिसत नाही. जुन्या संहितेत जनावर मारण्याच्या गुन्ह्याला किमतीची अट होती. दहा रुपये किंवा वर किमतीचं असेल तर एक कलम, पन्नास रुपये किंवा वर असेल तर दुसरं. बैल, गाय, घोडा अशांना किमतीची अट नव्हती, कुत्र्याला होती. नव्या कलम ३२५ मध्ये ही अट गेली. कुठलंही जनावर मारा किंवा लुळं करा, पाच वर्षांपर्यंत कैद. हे उत्तम झालं.

पण जी किंमत मारण्याच्या कलमातून गेली, ती चोरीच्या कलमात येऊन बसली. चोरलेल्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल किंवा पैसे परत केले, तर शिक्षा समाजसेवेची. शिक्षेबद्दल माझी तक्रार नाही. कुत्रं चोरणाऱ्यानं चार दिवस गावची गटारं उपसली तर मला आवडेल. तक्रार आहे ती नव्या प्रक्रिया संहितेच्या परिशिष्टाबद्दल. अशी पाच हजारांखालची चोरी तिथं अदखलपात्र रकान्यात आहे. म्हणजे ठाण्यात एनसी नोंदवायची आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांनी तपास करायचा नाही. पूर्वी चोरी दहा रुपयांची असो की दहा लाखांची, दखलपात्रच होती.

जालना पोलिसांना तपास येत नाही असं कोण म्हणेल? जांब समर्थच्या राममंदिरातून ऑगस्ट २०२२ मध्ये मूर्ती चोरीला गेल्या, दोनेक महिन्यांत चोर सापडले आणि मूर्ती परत आल्या. तिथं सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष होतं. आखाड्यावरचा मोत्या गेल्यावर फिर्यादीतल्या ‘मालाची किंमत’ या रकान्यात काय लिहायचं? मुधोळ किंवा लॅब्रेडॉरवाल्याकडं पावती असते. मेंढपाळाचं लांडग्याला अडवणारं कुत्रं कुणी विकतच घेतलेलं नसतं, म्हणून त्याची किंमत शून्य. ते गेल्यावर एका रात्रीत चार मेंढरं जातात, तरी शून्यच. ज्याची सगळ्यात जास्त गरज, त्याचं कुत्रं कायद्यात सगळ्यात स्वस्त, ही वाटणी मला मान्य नाही.

तोवर ज्याला त्याला करता येण्यासारखं थोडं आहे. कुत्र्याचा समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, रेबीजच्या लसीची नोंद आपल्या नावावर करून घ्या, जमलं तर मायक्रोचिप बसवा आणि पट्ट्यावर मोबाइल नंबर लिहा. हरवलं तर ठाण्यात किमतीचा रकाना रिकामा सोडू नका. वर्षाचा खुराक, लस, औषधपाणी आणि राखणीचं मोल धरून खरा आकडा लिहा. आणि तुमच्या आखाड्यावर एखादं ‘आपणहून’ आलं, तर भाकरी जरूर घाला, पण नाव बदलण्याआधी त्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर चिकटवा.